संपत्ती, प्रेम आणि पलतीरावरील दिवा



ग्रंथाचे आयुष्य त्याच्या जन्मकाळच्या थाटामाटावरून ठरत नाही. वाजतगाजत आलेली कित्येक पुस्तके दहापंधरा वर्षांत विस्मृतीत जातात आणि एखादे उपेक्षित पुस्तक पुढे पिढ्यान् पिढ्या वाचले जाते. अमेरिकन कादंबरीकार फ्रान्सिस स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही कादंबरी या दुसऱ्या प्रकारातली होय. १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. पहिल्या खेपेस वीस हजारांहून थोड्या अधिक प्रती निघाल्या. त्याच वर्षी आणखी तीन हजार प्रती छापण्यात आल्या, पण त्या सर्व खपल्या नाहीत. २१ डिसेंबर १९४० रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी फिट्झजेराल्ड निवर्तले, तेव्हा त्यांतल्या काही प्रती प्रकाशकाच्या गोदामात पडूनच होत्या. आपले लेखन लोक विसरून गेले, याच समजुतीत या लेखकाने जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर पाचच वर्षांत चक्र फिरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाचनासाठी खिशात मावतील अशी पुस्तके वाटली जात. १९४५ मध्ये या कादंबरीच्या दीड लाखाहून अधिक प्रती अशा रीतीने सैनिकांच्या हाती गेल्या. पुढे ती महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आली. तिच्यावर १९२६, १९४९, १९७४ आणि २०१३ साली चित्रपट निघाले. त्यांपैकी अखेरच्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी एक छोटी भूमिका केली. १ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत तिचे स्वामित्वहक्क संपुष्टात आले आणि २०२५ साली तिने शंभर वर्षे पूर्ण केली. जी कादंबरी तिच्या लेखकाच्या हयातीत गोदामात धूळ खात होती, तिला हे दीर्घायुष्य कशामुळे लाभले? आणि पेण-रोह्यासारख्या रायगड जिल्ह्यातील गावांतल्या वाचकाचा तिच्याशी संबंध काय? या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात

कादंबरीचे कथानक १९२२ सालच्या एका उन्हाळ्यात घडते. पहिले महायुद्ध संपलेले आहे, अमेरिकेत पैशाला पूर आला आहे आणि १९२० पासून देशभर दारूबंदी जारी आहे. निक कॅरावे हा मध्य-पश्चिम अमेरिकेतील तरुण रोख्यांचा धंदा शिकण्यासाठी न्यूयॉर्कला येतो आणि जवळच्या लाँग आयलंड बेटावर दरमहा ८० डॉलर भाड्याचे एक लहानसे घर घेतो. शेजारी जे गॅट्स्बी नावाच्या एका गूढ धनिकाचा प्रचंड वाडा आहे. त्या वाड्यावर रात्रीमागून रात्री मेजवान्या झडतात. शेकडो पाहुणे येतात, खातात, पितात, नाचतात. परंतु यजमान कोण, कुठला, त्याच्याजवळ एवढा पैसा आला कोठून, याची त्यांतल्या कोणालाच धड माहिती नाही.

सारी कथा निकच्याच तोंडून येते आणि गॅट्स्बीचा पूर्वेतिहास हळूहळू उलगडत जातो. त्याचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. उत्तर डाकोटातील एका दरिद्री शेतकऱ्याचा हा मुलगा. सतराव्या वर्षी त्याने आपले नाव बदलले, आईबाप मागे टाकले आणि एका धनाढ्य वृद्धाच्या नौकेवर नोकरी धरली. त्या धन्याने मृत्युपत्रात त्याच्यासाठी पंचवीस हजार डॉलर ठेवले होते, पण त्यांतली कवडीही त्याच्या हाती लागली नाही. १९१७ मध्ये सैन्यात अधिकारी असताना लुईव्हिल येथे त्याची डेझी या श्रीमंत घराण्यातील तरुणीशी भेट झाली. दोघांचे प्रेम जमले. परंतु तो युद्धावर गेला आणि १९१९ मध्ये डेझीने टॉम ब्यूकॅनन या पिढीजात धनिकाशी विवाह केला. त्या विवाहात टॉमने तिला साडेतीन लाख डॉलर किमतीचा मोत्यांचा कंठा भेट दिला. प्रेम गमावल्याचे कारण दारिद्र्य हेच आहे, अशी गॅट्स्बीची खूणगाठ येथे पक्की झाली.

मग त्याने पैसा मिळविला. तो चोरट्या दारूच्या आणि तशाच अंधाऱ्या धंद्यांत मिळविला. त्या पैशातून त्याने वाडा घेतला तो नेमका डेझीच्या घरासमोर, आखाताच्या दुसऱ्या तीरावर. तिच्या घराच्या धक्क्याच्या टोकाशी रात्रभर एक हिरवा दिवा जळत असे. त्या दिव्याकडे पाहत हा माणूस अंधारात उभा राही. त्या सगळ्या मेजवान्या एवढ्याचसाठी की, एखाद्या रात्री डेझी वाट चुकून तरी तेथे यावी.

निकच्या मध्यस्थीने दोघांची भेट घडते आणि काही दिवस स्वप्न खरे झाल्यासारखे वाटते. पण डेझी आपल्याकडे परत यावी एवढ्याने गॅट्स्बीचे समाधान होत नाही. मधली पाच वर्षे पुसली जावीत, आपण टॉमवर कधीच प्रेम केले नाही असे तिने नवऱ्याच्या तोंडावर सांगावे, असा त्याचा हट्ट आहे. तिला ते सांगता येत नाही. त्याच सायंकाळी परतताना गॅट्स्बीची मोटार डेझी चालवीत असते. त्या मोटारीखाली मर्टल विल्सन ही स्त्री सापडून मरण पावते. ही मर्टल म्हणजे एका गरीब गॅरेजवाल्याची पत्नी आणि टॉमची प्रेयसी. दोष गॅट्स्बी आपल्यावर घ्यायला तयार होतो. मोटार कोणाची हे टॉम मर्टलच्या नवऱ्याला सांगतो; तो गॅट्स्बीला गोळी घालतो आणि स्वतःचाही अंत करून घेतो. डेझी आणि टॉम सामान बांधून निघून जातात. शेकडो पाहुण्यांना मेजवान्या देणाऱ्या या माणसाच्या अंत्ययात्रेला निक, त्याचे वृद्ध वडील, काही नोकर, गावचा टपालवाला आणि एक जुना पाहुणा, एवढीच माणसे येतात.

लेखकाचे अनुभवविश्व

ही कथा केवळ कल्पनेची भरारी नव्हे. फिट्झजेराल्ड यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९६ रोजी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे झाला. प्रिन्स्टन विद्यापीठात श्रीमंतांच्या मुलांत ते वावरले, पण त्यांच्यातले झाले नाहीत. सैन्यात असताना झेल्डा सेयर या तरुणीशी त्यांचा वाङ्निश्चय झाला. मात्र त्यांच्या मिळकतीचा भरवसा नसल्याने तिने तो मोडला. १९२० च्या मार्चमध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध होऊन नाव झाले आणि लगेच एप्रिलमध्ये विवाह पार पडला. म्हणजे प्रेम तेच, माणसे तीच. मध्ये फक्त पैसा आला. हा अनुभव ज्याला आला, त्याच्या मनात संशयाचा एक काटा कायमचा राहतो. पैसा नसता तर हे प्रेम मिळाले असते काय, हा प्रश्न लेखकाने गॅट्स्बीच्या रूपाने जगापुढे मांडला आणि त्याचे सोपे उत्तर देण्याचे टाळले.

कादंबरीचे सामर्थ्य कशात आहे?

या कादंबरीच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण असे की, ती संपत्तीकडे एकाच दृष्टीने पाहत नाही. आखाताच्या एका तीरावर वाडवडिलांच्या पैशावर पोसलेले लोक राहतात, तर दुसऱ्या तीरावर नव्याने श्रीमंत झालेले. दोहोंकडे पैसा सारखाच. परंतु पहिले दुसऱ्यांना आपल्या पंक्तीला बसू देत नाहीत. गॅट्स्बी कपडे, मोटारी, बोलण्याची ढब, सारे काही विकत घेतो. पण ‘आपल्यातला’ हा शिक्का बाजारात मिळत नाही. या दोन तीरांहून दूर, न्यूयॉर्कच्या वाटेवर, राखेच्या ढिगाऱ्यांचा एक ओसाड भाग आहे. विल्सन पतिपत्नी तेथे राहतात. शहराच्या चैनीची राख जेथे पडते, तेथली माणसे. कादंबरीतील तीन मृत्यूंपैकी दोन याच वस्तीतील माणसांचे आहेत आणि तिसरा आहे तो त्या नवश्रीमंताचा. पिढीजात धनिकांच्या केसालाही धक्का लागत नाही. लेखकाने कोठेही प्रवचन केलेले नाही. चुकांची किंमत कोण भरतो, एवढेच तो दाखवून देतो.

दुसरे कारण म्हणजे प्रेमाचे सूक्ष्म विश्लेषण. गॅट्स्बी डेझीवर प्रेम करतो हे निर्विवाद आहे. परंतु तिच्याभोवतीचे वैभव बाजूला काढले तर ते प्रेम किती उरेल, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. वाडा दाखविताना तो आपले रंगीबेरंगी रेशमी सदरे एकामागून एक तिच्यापुढे टाकतो आणि ती त्या सदऱ्यांत तोंड लपवून रडू लागते. हा प्रसंग वरवर हास्यास्पद वाटतो. पण दोघांपाशी आपले मन सांगण्यासाठी वस्तूंखेरीज दुसरी भाषाच उरलेली नाही, हे ध्यानी आले म्हणजे त्यातील कारुण्य कळते.

तिसरे कारण रचनेचे. ही कादंबरी आकाराने लहान आहे. दोन-तीन बैठकींत ती वाचून होते. निक हा निवेदक गॅट्स्बीच्या दिखाऊपणाला नाके मुरडतो आणि त्याच वेळी त्याच्या स्वप्नशक्तीने भारावतो. त्यामुळे वाचकालाही गॅट्स्बीचा निकाल एका शब्दात लावता येत नाही. तो गुन्हेगार आहे, लबाड आहे. तरीही ज्या समाजाने त्याला वापरून टाकून दिले, त्या समाजापेक्षा तो अधिक सच्चा ठरतो. ज्या पात्राविषयी वाचक अखेरपर्यंत वाद घालतात, ते पात्र सहजासहजी जुने होत नाही.

अखेरीस एक छोटा तपशील येतो आणि तो विसरता येत नाही. अंत्ययात्रेस आलेला वृद्ध पिता मुलाचे बालपणीचे एक पुस्तक निकला दाखवितो. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या मुलाने १९०६ साली स्वतःची दिनचर्या लिहून ठेवली होती: पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास, काम, आणि त्याखाली काही निश्चय, दर आठवड्यास थोडी शिल्लक टाकण्याचा आणि आईवडिलांशी अधिक चांगले वागण्याचा. असा कागद कोकणातल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी चिकटविलेला असतो. मुलाच्या जिद्दीत खोट नव्हती. ती जिद्द कोठे वळली, हाच प्रश्न आहे.

मेघदूतातील यक्ष आणि रोह्याचे अनुवादक

प्रेयसीपासून दुरावलेला आणि दूर क्षितिजाकडे डोळे लावून बसलेला प्रेमिक भारतीय वाचकाला नवीन नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष असाच उभा आहे. तो धनाधिपती कुबेराचा सेवक. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे त्याला एक वर्षाची हद्दपारी भोगावी लागते आणि रामगिरीवरून, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवरून, तो मेघाकरवी अलकानगरीतील प्रियेला निरोप धाडतो. अलका ही तर साक्षात कुबेराची नगरी. रत्नांना तेथे तोटा नाही. यक्षाच्या स्वतःच्या घरीही पाचूच्या पायऱ्यांची विहीर आहे. परंतु आपल्या पश्चात ते घर निस्तेज दिसत असेल, असे तो मेघाला सांगतो. घराची शोभा रत्नांत नसून सहवासात आहे, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून यक्ष निरोप पाठवितो, तर गॅट्स्बी देखावा उभारतो. दोघांच्याही मनात तळमळ आहेच. फरक आहे तो प्रेमासाठी कोणते साधन निवडले यात.

या ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवाद करणाऱ्यांत एक नाव रोह्याचे आहे, ते म्हणजे चिंतामणराव देशमुख यांचे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला आणि बालपण रोह्यात गेले. फिट्झजेराल्ड यांचे आणि त्यांचे जन्मवर्ष एकच. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पहिल्या लोकसभेत त्यांनी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, प्रतिनिधित्व केले आणि देशाचे अर्थमंत्रिपद सांभाळले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती होत्या, त्या माणसाला कुबेराच्या सेवकाची विरहव्यथा मराठीत आणावीशी वाटली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. धनाचा हिशेब चोख ठेवावा, पण मनाचा हिशेब धनात मांडू नये, हा विवेक त्यांच्या जीवनात दिसतो. सामान्य घरातील मुलाने शिस्तीने, अभ्यासाने वर यावे, ही आकांक्षा गॅट्स्बीच्या दिनचर्येतही होतीच. पण चिंतामणरावांना वर येण्यासाठी आपले नाव किंवा गाव पुसून टाकावे लागले नाही.

पेणच्या मातीतील दुसरे उत्तर

रोह्याने एक उत्तर दिले तसे पेणनेही दिले. पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये घर सोडून काशीला गेलेला हा तरुण तेथून गांधीजींच्या आश्रमात आला. आईची भगवद्गीता सोप्या मराठीत वाचण्याची इच्छा त्याने ‘गीताई’च्या रूपाने पुरी केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी पहिले दान मिळाले आणि भूदान यात्रा सुरू झाली. विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडले आणि लक्षावधी एकर जमिनीचे दान मागून घेतले. दान म्हणून मिळालेल्या जमिनीपैकी काही खडकाळ निघाली, काहींचे वाटप रखडले, हेही इतिहासाने नोंदविले आहे. तरीसुद्धा आपल्याजवळच्या जमिनीत शेजाऱ्याचा वाटा आहे ही भावना माणसाच्या मनात जागविता येते, हे त्या चळवळीने सिद्ध केले.

१९५८ चे मॅगसेसे पारितोषिक विनोबांना आणि १९५९ चे चिंतामणरावांना मिळाले. दोघांचेही निधन १९८२ मध्ये झाले. एकाने संपत्तीचे व्यवस्थापन केले, दुसऱ्याने तिचा त्याग केला. गॅट्स्बीने तिसरी वाट धरली. त्याने संपत्तीलाच आपली ओळख बनविले. एकाच पिढीत जन्मलेल्या या माणसांच्या आणि एका कल्पित पात्राच्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे कादंबरीचा मूळ प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

कोकणातला एक बापू

मराठी कादंबरीतही या प्रश्नाला एक खणखणीत उत्तर मिळालेले आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. दापोली तालुक्यातील मुर्डी हे पेंडशांचे गाव, आणि त्याच परिसराची माती या कादंबरीला आहे. गावाने हलका लेखलेला बापू सुपारीच्या व्यापारात पैसा मिळवितो आणि ज्या गावाने त्याला नाकारले त्या गावात मानाने उभा राहतो. येथवर तो गॅट्स्बीचा भाऊ शोभतो. पण बापू आपले नाव बदलत नाही आणि गाव सोडून दुसऱ्याच कोणाचे सोंग घेत नाही. शिवाय राधेचे आणि त्याचे नाते पैशाने जुळलेले नाही. गावाची निंदा सोसून ते टिकते. या कादंबरीचे नाटक झाले, त्यात बापूच्या भूमिकेत काशीनाथ घाणेकर गाजले आणि १९६८ साली इयन रेसाइड यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ वाचणाऱ्या मराठी वाचकाने ‘गारंबीचा बापू’ पुन्हा एकदा हाती घ्यावा. दोन्ही कादंबऱ्या एकमेकींवर प्रकाश टाकतात.

खाडीपलीकडचे दिवे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पेण हे भोगावतीकाठचे, खारबंदिस्तीच्या भातशेतीचे आणि गणेशमूर्तींचे गाव. रोहा हे कुंडलिकेच्या तीरावरचे गाव. कोकण रेल्वेचा प्रारंभ तेथूनच होतो. या भागातील घराघरांतून माणसे मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, कचेरीत राबली आणि मनिऑर्डरीने घर चालले. रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्याच्या बाजूस, रात्री उभे राहिले तर पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे दिसतात. पलतीरावरच्या दिव्याकडे पाहणे म्हणजे काय, हे येथल्या माणसाला कादंबरीतून शिकावे लागत नाही.

काळ मात्र पालटला. एके काळी येथला माणूस पैशाकडे जात होता. आता पैसाच खाडी ओलांडून येथे आला आहे. धाटावला औद्योगिक वसाहत झाली, डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि किनाऱ्यावर मुंबईच्या धनिकांचे बंगले उठले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा या सुमारे बावीस किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि मुंबई आणखी जवळ आली. रस्ते, पाणी, वीज, रोजगार यांची गरज कोणीही नाकारणार नाही. दारिद्र्याचा गौरव करणे सोपे असते ते दारिद्र्य न भोगलेल्यांना. गॅट्स्बीच्या बापाच्या उजाड शेतावर राहण्याची सक्ती कोणावरही नसावी.

परंतु जमीन हा केवळ सात-बाऱ्यावरचा आकडा नाही, हेही येथल्या शेतकऱ्याने दाखवून दिले आहे. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. जमीन देण्यास मोठ्या संख्येने नकार नोंदविला गेला. हेटवणे धरणाच्या पाण्याची आशा असलेली ही गावे होती. त्या नकारामागे भावाची घासाघीस होती असे म्हणून भागणार नाही. पूर्वजांनी बांध घालून समुद्रापासून राखलेल्या खाजणाशी माणसाचे जे नाते असते, त्याला बाजारभाव कोणता लावायचा, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

आणि येथेच फिट्झजेराल्ड यांच्या कादंबरीचे शेवटचे पान आठवते. प्रेमकथा संपल्यावर निक रात्री किनाऱ्यावर बसतो आणि त्याचे मन काही शतके मागे जाते. डच खलाशांना प्रथम दिसलेले ते बेट, त्यावरचे ते अस्पर्श हिरवे रान त्याला दिसू लागते. पुढे त्याच रानाची झाडे तोडून गॅट्स्बीच्या वाड्यासारखे वाडे उभे राहिले. हिरव्या दिव्याची कथा अखेर अशी हिरव्या भूमीच्या कथेत मिळून जाते. माणूस भूमीकडे आशेने पाहतो, तिच्यातून वैभव निर्माण करतो आणि त्या वैभवात मूळची आशा कशाची होती तेच विसरून जातो. ही केवळ अमेरिकेची कहाणी नाही, म्हणूनच ती शंभर वर्षांनंतरही ताजी वाटते.

वाचकाचे कर्तव्य

साहित्याने समाजाला उपदेश करावा अशी अपेक्षा नसते. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ तर उपदेशाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. मात्र समृद्धीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या समाजाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, एवढी सोय ती करून देते. आलेल्या पैशातून मुलांचे शिक्षण झाले की केवळ मोटारी आल्या? बंगला उठला, त्यात म्हाताऱ्या आईबापांची खोली आहे काय? लग्नात शेकडो पाने उठली, पण दुखण्याखुपण्यात दाराशी किती माणसे येतील? मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाचा स्वभाव आधी विचारला की त्याच्या नावावरची गुंठेवारी? हे प्रश्न पेणलाही लागू आहेत आणि रोह्यालाही.

पेण-रोह्याच्या वाचनालयांतून आणि महाविद्यालयांतून या कादंबरीचे सामुदायिक वाचन व्हावे, तिच्या जोडीला ‘मेघदूत’ आणि ‘गारंबीचा बापू’ ठेवावेत आणि तरुणांनी त्यांवर मोकळेपणाने वाद घालावा. गॅट्स्बीला मूर्ख ठरविणारे त्यात निघतील, तसे त्याची बाजू घेणारेही निघतील. दोघांचेही स्वागत व्हावे. ज्या मातीने तिजोरी सांभाळूनही काव्यावर प्रेम करणारा अर्थमंत्री दिला आणि दारोदार हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागणारा संन्यस्त पदयात्री दिला, त्या मातीतील तरुणांना संपत्तीला तिच्या जागी ठेवण्याचे शिक्षण बाहेरून आणावे लागणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रांपलीकडे एका लेखकाने तोच प्रश्न किती पोटतिडकीने विचारला होता हे त्यांनी वाचले, तर आपल्या घरातले उत्तर त्यांना अधिक नीट ओळखता येईल.